बारवाले तात्या

आमच्या बारवाले तात्यांसमोर काहीही सपाट आलं की ते पुसायला लागायचे. ओटा, देवळाची पायरी, बैलगाडीची फळी, काहीही. खांद्यावरचं उपरणं हातात कधी आलं हे त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. मग बोलता बोलता हात गोल गोल, सावकाश फिरत राहायचा. एकदा माझ्या वडिलांशी भाताच्या रोपांबद्दल बोलता बोलता त्यांनी आमच्या दारातल्या म्हशीची पाठ पुसून काढली होती. म्हैस गुमान उभी राहिली आणि वडीलही काही बोलले नाहीत. बारवर काम करणाऱ्या माणसाला सांडलेली दारू पुसायची सवय लागते, ठिणगी पडली तर घात होतो, असं गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मुळशीच्या पाण्याकडेला आमचं गाव. खाचरं थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून तात्या तरुणपणीच मुंबईला गेले. आधी कुठल्याशा क्लबात भांडी घासली, मग हॉटेलात वाढलं. पन्नास सालानंतर कधीतरी त्यांचं बायकोला, म्हणजे आमच्या काकीला, पत्र आलं: 'विमानतळावर बारवर लागलो आहे. पगार बरा आहे. काळजी नसावी.' काकीला वाचता येत नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी पत्र वाचून दाखवलं, ओट्यावर बसलेल्या चौघांनी ऐकलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

बार हा शब्द आमच्या भागाला नवा नव्हता. आधी धरणासाठी डोंगर फोडले, मग रस्त्यांसाठी फोडले. खडकाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात पेटवून लांब पळायचं, म्हणजे बार. दुसरा कसला बार असतो हे गुरुजींनाही माहीत नव्हतं. त्यातून ते दिवस दारूबंदीचे. मुंबईत सरकारच्या परवानगीनं कुणी उघड्यावर बसून पितो, असं कुणी सांगितलं असतं तरी आमच्या गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. विमान उतरायचं म्हणजे जमीन सपाट हवी, जमीन सपाट करायची म्हणजे टेकाड उडवायला हवं. हे सगळ्यांना पटलं. शिमग्याला तात्या गावी आले तोवर त्यांचं नाव बारवाले पडूनही गेलं होतं.

तात्यांनी त्या नावाला कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पुढं मला ते म्हणाले होते, "मी खोटं लिव्हलं न्हवतं. लिव्हलं ते माजं, समजलं ते त्यांचं." आणि खरोखर, तात्या खोटं बोलले असं एकही वाक्य मला आठवत नाही. पारावर लोक विचारायचे, "तात्या, दारू भरताना हात कापत न्हाई का?" तात्या म्हणायचे, "कापून कसं चालंल? सांडली तर सायेब वराडतो." कुणी विचारायचं, "किती भरायची ते कसं कळतंय?" तात्या म्हणायचे, "माप असतंय. मापाभाईर जरा बी न्हाई. जास्ती झाली की मानूस आडवा." लोक माना डोलवायचे. मीही त्यात असायचो. पुढं मी पुण्यात राहून शिकलो, इंग्रजी वाचायला लागलो, कारखान्यात नकाशे काढायच्या कामाला लागलो, पण माझ्याही डोक्यात कधी ट्यूब पेटली नाही. लहानपणी एकदा मनात बसलेल्या शब्दाकडे माणूस पुन्हा वळून बघत नाही.

त्यांना ऐकू कमी येतं असाही गावाचा समज होता. शेजारी भाऊबंदांची हमरीतुमरी चालली तरी तात्या शांतपणे चुना मळत बसायचे, मान वर करायचे नाहीत. बारांच्या आवाजानं कान गेले बिचाऱ्याचे, असं बायका म्हणायच्या. पण माझी आई चुलीपाशी पुटपुटली की रॉकेल संपलंय, तर संध्याकाळी तात्या पौडहून येताना बाटली भरून आणायचे. कान शाबूत होते. कुठलं ऐकायचं आणि कुठलं नाही, एवढंच त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मात्र त्यांच्या थकव्याबद्दल कुणाचाही गैरसमज नव्हता, तो सरळ दिसायचा. वर्षाकाठी दोनदा, शिमग्याला आणि भातकापणीला, ते यायचे. आले की पहिला दिवस पाय मिठाच्या गरम पाण्यात सोडून बसायचे. घोट्यांपाशी सूज, पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी. खरं तर बसायचेही नाहीत फारसे. भिंतीला टेकून उभे राहत, चहा उभ्यानं घेत, आणि कुणी "बसा की" म्हटलं तर म्हणत, "बसलो की पुन्ना उठवत न्हाई." एकदा वडिलांनी विचारलं, लई दमला का रे? तात्या म्हणाले, "दमलो म्हनायला बी दम लागतो, दादा." हे ते हसून म्हणाले, पण माझ्या वडिलांना हसू आलं नाही.

आता काकीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्या जिवावर चाललं होतं. काकीचा थोरला भाऊ रस्त्याच्या कामावर बार भरायला होता. एक बार लागला नाही म्हणून तो बघायला गेला आणि तो फुसका नव्हता. एक हात कोपरापासून गेला, दोन्ही डोळे गेले. त्याला झोळीत घालून घरी आणला तेव्हा काकी नऊ वर्षांची होती. तो पुढं बारा वर्षं अंगणात बसून होता. त्यामुळं गुरुजींनी ते पत्र वाचलं तेव्हा काकी आत गेली आणि तिनं चूल विझवली. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही.

बार उडवायची वेळ भर दुपारची, मजूर भाकरी खायला लांब गेले की. काकी त्या वेळी हातातलं सगळं काम टाकून उंबऱ्याशी बसायची. बोलायची नाही, पाणी प्यायची नाही. ऊन पायरीवरून खाली उतरलं की उठायची आणि मग भाकरी खायची. लावणीच्या दिवसांतही बायका खाचरात वाकलेल्या असत आणि काकी बांधावर येऊन मुकाट बसलेली असे. कुणी तिला हाक मारत नसे. असं तिनं अकरा वर्षं केलं, एक दिवस न चुकता. तात्या घरी असले की तेवढे दिवस मात्र ती दुपारी सगळ्यांबरोबर जेवायची, आणि दोन घास जास्त खायची.

तात्यांना हे माहीत होतं. मग त्यांनी तिला खरं का सांगितलं नाही, असं कुणीही विचारील. त्याचं कारण देवळात होतं. दारूबंदी आली तेव्हा आमच्या गावातल्या पुरुषांनी भैरोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन जे बोललं ते मोडलं तर घरादारावर येतं, अशी आमच्याकडची समजूत. शपथेचे शब्द गुरुजींनी घालून दिले होते: दारू पिणार नाही, पाजणार नाही. तात्या तेव्हा सुट्टीवर आलेले होते, त्यांनीही उचलला. त्यांनी जन्मात कधी थेंब घेतला नव्हता, त्यामुळं पहिला अर्धा भाग त्यांना जड नव्हता. दुसरा अर्धा पुढं पोटापाण्याच्या आड येईल हे त्यांना कुठून कळणार होतं?

मला हे सगळं कळलं ते मी परदेशी निघालो त्या दिवशी. कारखान्यानं मला दोन वर्षं शिकायला जर्मनीला धाडायचं ठरवलं. बरोबर आमचे एक साहेब होते, वयानं मोठे, स्वभावानं मोकळे. दुपारचं विमान होतं. सामान तपासून झालं, शिक्के बसले, आणि मी नव्या बुटात पाय आखडून उभा होतो. साहेबांकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळवलेलं परमिट होतं. ते म्हणाले, "चला, विमानाला अवकाश आहे. मी एक बिअर घेतो, तुम्ही सरबत घ्या." दारावर इंग्रजीत तीन अक्षरं होती. ती मी वाचली आणि तरीही माझ्या मनात काही आलं नाही. आत गेलो. समोर लांबलचक लाकडी काउंटर होता आणि त्यामागं पांढऱ्या कोटात तात्या उभे होते.

त्यांनी मला पाहिलं. हातातलं फडकं क्षणभर थांबलं, मग पुन्हा फिरायला लागलं. साहेबांचं परमिट त्यांनी पाहिलं, वहीत सही घेतली, बिअर अशी ओतली की फेस काठावर येऊन थांबला. मग माझ्याकडे वळून अगदी पुणेरी मराठीत विचारलं, "आणि आपण काय घेणार, साहेब?" ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं तो मला आपण म्हणत होता. लिंबाचं सरबत, एवढंच कसंबसं म्हणालो. त्यांनी ते केलं आणि पेला माझ्यापुढं ठेवला, ठेवल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

विमानतळावर बसून पिणारी माणसं मजेत असतील अशी माझी कल्पना होती. तसं काही नव्हतं. चार-पाच गोरे, दोन शेठजी, एक टाय सैल केलेला म्हातारा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळे प्रवास सुरू होण्याआधीच दमलेले दिसत होते. थोड्या वेळानं साहेब फोन करायला बाहेर गेले. तात्या काउंटर पुसत पुसत माझ्यासमोर आले आणि ओठ फारसे न हलवता म्हणाले, "गिऱ्हाइकाशी बोलायची परवानगी न्हाई. तू सरबताकडं बघून बोल."

मी म्हटलं, "तात्या, हे काय?"

"ह्योच बार. दुसरा कुटला असनार?"

"आन काकी? ती तितं रोज उंबऱ्यावर बसती."

एक गोरा उठून आला, त्याला तात्यांनी व्हिस्की मोजून दिली, बर्फ घातला, दोन शब्द इंग्रजीत बोलले. तो गेल्यावर म्हणाले, "ही मान्सं बघ. हितं मजेपायी कुनी पीत न्हाई. हातात पेला आन डोळं घड्याळावर. समदी भ्यालेली असत्यात. वर जायाचं, मंग काय सांगावं? परत्येकाला वाटतं ह्यो शेवटचा. म्हनत कुनी न्हाई. मी थोडी वतून देतो, थोडं भ्या उतरतं, मान्सं इमानात जाऊन बसत्यात. माजं काम काय म्हनशील तर लोकांचं भ्या उतरवायचं."

"मग काकीचं कुनी उतरवायचं?" मी जरा तोडूनच विचारलं. मला राग आला होता.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "सदा, बाराचं भ्या तिला हाय ते माज्या एकट्यापायी हाय. शपत मोडल्याचं कळलं तर तिला आमच्या पोरीचं बी भ्या वाटंल. पोरगी बाळंतपनाला आली, ताप आला, काय बी झालं तरी ती म्हनंल की तुमच्या पाजन्यानं झालं. त्यापरीस हे बरं. आता दोन-तीन वर्सं ऱ्हायली. मंग घरला येईन आन सांगंन, बार बंद झालं. सपलं." मग म्हणाले, "तू बोलू नगंस. शब्द दे."

मी शब्द दिला. तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटलंही. तो माणूस सकाळपासून उभा होता, आणखी सहा तास उभा राहणार होता, त्याच्याशी वाद घालायला माझी जीभ रेटली नाही. साहेब परत आले. तात्यांनी पेले उचलले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "प्रवास सुखाचा होवो, साहेब." मी पाया पडायला वाकणार होतो, पण तसं करता येण्याजोगी ती जागा नव्हती. मी नुसती मान हलवली आणि निघालो. दारातून वळून पाहिलं तेव्हा ते टाय सैल केलेल्या म्हाताऱ्याचं काहीतरी ऐकून घेत होते.

जर्मनीत मला सव्वा वर्ष झालं असेल तेव्हा वडिलांचं पत्र आलं. तात्या गेले. कामावर असतानाच कोसळले, डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. बरोबरीचे दोघे गाडी करून त्यांना गावी घेऊन आले. कुणीतरी विचारलं, कसं झालं? त्या भल्या माणसांनी खरं तेच सांगितलं, "बारमध्येच गेले." मग दुसरं कुणी काही विचारलं नाही. वडिलांनी पुढं लिहिलं होतं की काकीनं अंगावरचं कापड बाजूला करून तात्यांचे दोन्ही हात पाहिले, बोटं मोजली, डोळ्यांवरून हात फिरवला. कुठंही खरचटलेलं नव्हतं. तेव्हा ती म्हणाली, आतून लागलं असंल.

ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गावात कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट मला एकट्याला ठाऊक होती, आणि मी हजारो मैलांवर बसून होतो. दोनदा पत्र लिहायला बसलो. पण पत्र म्हणजे गुरुजी वाचणार, ओट्यावर चौघं ऐकणार. शिवाय शब्द दिलेला. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द तर आणखीच अवघड वाटतो. मी पत्र लिहिलं नाही, आणि आठ महिने तसेच गेले.

परत आल्यावर मी दुसऱ्याच दिवशी गावी गेलो. भातं कापून झाली होती, खळ्यावर आंबेमोहराचा वास होता. काकी सूप घेऊन एकटीच पाखडत बसली होती. पार वाळली होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं, गुळपाणी दिलं, परदेशात थंडी किती, जेवायला काय, हे विचारलं. मग म्हणाली, "तू तितनंच इमानात बसलास न्हवं? दिसलं व्हतं का तुला ते?"

"दिसले व्हते."

"वात लावल्यावर लांब पळत व्हतं का? पाय सुजायचं त्यांचं. मला रोज वाटतं, पळायला जमलं नसंल." ती माझ्याकडे पाहत नव्हती, सुपातले खडे निवडत होती. "हितं समदे म्हनत्यात, लगेच गेले, कळलं बी नसंल. माजा भाऊ बी लगेच जायाचा तर बारा वर्सं बसला. मला खरं सांग."

मी तिथं बसल्या बसल्या ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा मला तिच्याकडं बघवेना. म्हणालो, "काकी, ती दारू प्यायची व्हती."

तिला आधी उमगलं नाही. मग मी सगळं सांगितलं. पांढरा कोट, लाकडी काउंटर, बिअरचा फेस, पेल्यात व्हिस्की मापानं ओतायची ते, मला आपण म्हणाले ते, शपथेचं भय, शब्द घेतला तो. मग तिनं विचारलं, "उनात न्हवतं उभं?"

"न्हाई. घरात व्हते. वर पंखा व्हता."

"आन धूळ?"

"धूळ कसली? आरशागत लख्ख समदं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. रडली नाही. म्हणाली, "सोता घेत न्हवतं?"

"कदी न्हाई."

"मग देवापुढं मी नाक घासलं असतं. पोटासाटी केलं म्हनून सांगितलं असतं. देवाला कळलं असतं." पुन्हा म्हणाली, अगदी हळू, "मला लाज वाटली असती ती चार दिस रं. भ्या रोज वाटलं."

मी म्हटलं, तुमच्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनी दडवलं. हे वाक्य मी विमानात बसल्यापासून मनाशी बोलत आलो होतो, आणि तोंडातून बाहेर पडताच ते किती पोकळ आहे हे माझं मलाच कळलं. काकी पुन्हा सुपातले खडे निवडायला लागली. तात्यांवर ती रागावली नव्हती. उलट तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं होतं, जणू त्यांना लागलं नव्हतं हे तिला आत्ता, आठ-नऊ महिन्यांनी, कुणीतरी येऊन कळवलं होतं. मग तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"तुला हे कवापासनं ठावं व्हतं?"

"गेलो त्या दिसापासनं. दोन वर्सं होतील."

"आन बोलला न्हाईस."

"शब्द दिला व्हता, काकी."

"अकरा वर्सं त्यांनी घेतली," ती म्हणाली. "ही दोन तरी तू मला द्यायची व्हतीस."

आवाज चढवून म्हणाली असती तर मी काहीतरी बोललो असतो. पण ती ते दमून म्हणाली. ती उठून चहा ठेवायला आत गेली, आणि मी खळ्यावर बसून राहिलो. आयुष्यात मी शब्द बरेच मोडले असतील. लाज वाटते ती हा एक पाळल्याची.